आवाज न येत असल्याबद्दल तक्रार

शनिवारी सकाळी इमारतीतली पाण्याची जुनी मोटार काढून नवी बसवली आणि त्याच दुपारपासून ढब्बूची झोप उडाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे ढब्बूच्या आईच्या लक्षात यायला मंगळवार उजाडला. तशी ती शिकलेली. संख्याशास्त्रात पदवी, तीही पहिल्या वर्गात. पण आठ महिन्यांची मुलगी खांद्यावर रडत असताना संख्याशास्त्र आठवत नाही, नुसत्या संख्या आठवतात. किती वाजले, किती वेळ रडली, किती दिवस उरले.

दिवस सहाच उरले होते. सातव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, तिने कामावर रुजू व्हायचं होतं. साहेबांनी फोनवर फार गोड आवाजात सांगून ठेवलं होतं की रजा वाढवायचीच असेल तर अर्जाऐवजी सरळ राजीनामा टाइप करून आणा, तेवढाच एक कागद वाचेल. आणि ती रुजू होणार ढब्बूला पाळणाघरात जागा मिळाली तर. गल्लीच्या टोकाला एक पाळणाघर होतं आणि त्यात एक जागा होती. एकाला एक लागून बरोबर जुळत होतं. अडत होतं ते दुपारी एक ते तीनच्या मध्ये.

पाळणाघराच्या ताईंचा नियम सोपा होता. एक वाजता पडदे ओढायचे, दीड वाजेपर्यंत प्रत्येक मूल झोपलेलं पाहिजे. जे झोपत नाही ते बाकीच्या अकरांना उठवतं, आणि बारा रडणाऱ्या मुलांना ताईंचे दोन हात पुरत नाहीत. म्हणून प्रवेशाआधी तीन दुपारी चाचणी : सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिन्हीतल्या एका दुपारी जरी मूल आपलं आपण झोपलं तरी जागा पक्की. आईबापांनी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे, चपलांच्या बाकावर बसायचं. पट्टा ओलांडला तर चाचणी रद्द. ताईंच्या हातात एक वही असायची, तिच्यात त्या ‘झोपली’ आणि वेळ एवढंच लिहीत. इतक्या कमी शब्दांत इतकी दहशत बसवणारं लिखाण ढब्बूच्या आईने कॉलेजातसुद्धा वाचलं नव्हतं.

पहिल्या सोमवारी ढब्बू झोपली नाहीच, शिवाय पाच जणांना घेऊन उठली. ताईंनी वहीत एक आडवी रेघ मारली.

सल्ले तर शनिवारपासूनच सुरू झाले होते. समोरच्या काकू म्हणाल्या, मुलीचं पोट भरत नसेल, जास्त भरव. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, फार भरवतेस, कमी कर. सासूबाई फोनवर म्हणाल्या की आमची मुलं कधी झोपली आणि कधी उठली ते आम्हाला कळायचंसुद्धा नाही. हा अभिमान की कबुली, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की आईच्या मनावर ताण असला तर तो मुलाला कळतो, तेव्हा तू ताण घेऊ नकोस. हे वाक्य तो दिवसातून तीनदा म्हणू लागला आणि दर खेपेला तिचा ताण एकेक इंच वाढू लागला.

मंगळवारी सकाळी तिने झोपवही काढली. ढब्बू जन्मल्यापासून ती ही वही ठेवत होती. तारीख, झोपली किती वाजता, उठली किती वाजता, शेरा. नवरा तिला हसायचा, पण त्याच्या बिचाऱ्याच्या नशिबी संख्याशास्त्र नव्हतं. तिने पानं उलटली तर दुपारचा रकाना छापल्यासारखा सरळ होता. एक वाजून पाच, एक वाजून पाच, एक वाजून पाच. कोणतं मूल घड्याळ लावून झोपतं? आणि मग तिला आठवलं. एक वाजून पाच मिनिटांनी टायमरवर मोटार सुरू व्हायची. तिच्या झोपायच्या खोलीला लागून जी पाइपांची पोकळी होती तिच्या तळाशी ती मोटार होती, आणि तिचा आवाज भिंतीतून, फरशीतून, पाळण्याच्या पायांतून वर यायचा. तो आवाज आला की ढब्बूला पाळण्यात ठेवायचं आणि आपण आंघोळीला पळायचं, हा तिचा रोजचा नेम. बाहेर येऊन पाहावं तर मुलगी गाढ झोपलेली. वहीत तिने काय लिहावं? मोटार सुरू, एक पाच. झोप, एक पाच.

तिने लगेच अर्ज लिहिला.

सेक्रेटरी तळमजल्यावरच्या खोलीत बसत. निवृत्तीनंतर त्यांना माणसांवर अधिकार उरला नव्हता, म्हणून तो ते फायलींवर गाजवत. तिचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला. मग तक्रारवही उघडून तिच्यापुढे फिरवली. आवाजाच्या पानावर रकाने होते : आवाज कुठून येतो, किती वाजता येतो, कोणाला त्रास होतो.

“वहिनी, आवाज येत नाही, याला रकाना नाही.”

ती म्हणाली की मग शेऱ्यात लिहा. त्यावर सेक्रेटरींनी उठून कपाटातून दुसरी फाइल काढली, शांतपणे दोरा सोडला आणि एक कागद तिच्यापुढे ठेवला. जुन्या मोटारीच्या गोंगाटाविरुद्ध सगळ्या रहिवाशांनी सह्या करून दिलेला तो अर्ज होता. पहिली सही तिचीच. कारण म्हणून तिने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘लहान बाळाची झोपमोड होते.’ खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या वेळी ढब्बू दहा दिवसांची होती आणि झोपमोड बाळाची नव्हे, आईची होत होती, पण आईच्या झोपेसाठी कोणी सही करत नाही, हे ओळखण्याइतकी ती तेव्हाही हुशार होती.

जुनी मोटार कुठे आहे, असं तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती भंगारात गेली होती. रविवारीच.

आता उरला एक मार्ग. ढब्बूचे व्हिडिओ तिच्याकडे नऊशे चाळीस होते, त्यातल्या एखाद्यात तरी मागे मोटार वाजत असेल. मंगळवारची दुपार आणि संध्याकाळ तिने त्यात घातली. मोटार होती, नाही असं नाही. पण तिच्यावर कधी नवऱ्याचं ‘इकडे बघ, इकडे बघ’, कधी सासूबाईंचं बोबडं बोलणं. निव्वळ मोटार कुठे सापडली, तर एका व्हिडिओत तीन सेकंद, म्हणजे सासूबाई श्वास घेत होत्या तेवढा वेळ. ते तीन सेकंद तिने एकापुढे एक जोडले. बुधवारी पाळणाघरात फोनवर लावले. दर तीन सेकंदांनी जोडावर ‘टक्’ वाजायचं आणि सासूबाईंच्या पुढच्या शब्दाची ओठ उघडण्यापुरती चाहूल यायची. ढब्बू दर तीन सेकंदांनी दचकली. बाकीची अकरा मुलंही तिच्या तालावर दचकू लागली. एक वाजून वीस मिनिटांनी ताईंनी फोन तिच्या हातात आणून दिला आणि वहीत दुसरी आडवी रेघ मारली. मग म्हणाल्या, “शुक्रवारी शेवटची हं, ढब्बूची आई.” ‘हं’ फार मायेने म्हटलं होतं, त्यामुळे जास्त लागलं.

धाकटा दीर जाहिरातींना संगीत देत असे. घरात सगळे त्याच्या कामाला ‘ते टुंगटुंग’ म्हणत आणि त्यात तीही सामील होती. बुधवारी संध्याकाळी तिने त्याला फोन करून भाऊजी, भाऊजी करत सगळं सांगितलं. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला की आवाज मिळत नसेल तर बनवायचा, त्यात काय एवढं. त्याने लॅपटॉपवर एक सिंथेसायझर पाठवला. हा म्हणे पेटीसारखा वाजवायचा नाही, याच्या पोटात आवाज घडवायचा. प्रोग्राम उघडल्यावर पडद्यावर विमान चालवणाऱ्यासमोर असतात तशी बटणं उगवली. तिने मोजली. छत्तीस.

“घाबरू नका वहिनी. ऑसिलेटर म्हणजे जो थरथरतो तो. फिल्टर म्हणजे जो नको ते गाळतो तो. बाकी कान सांगेल तसं.”

एवढं सांगून तो त्याच्या टुंगटुंगला निघून गेला. जाता जाता दोन गोष्टी बोलला. एक, हा फुकटचा नमुना आहे, यात केलेलं काही साठवता येत नाही, प्रोग्राम बंद केला की सगळी बटणं मूळ जागी. आणि दोन, एकदा दाबलेली पट्टी दाबलेलीच राहते, पण वीस मिनिटं झाली की प्रोग्राम ती आपणहून सोडून देतो, म्हणजे आवाज थांबतो. विसाव्या मिनिटाच्या आत ‘पुढे चालू’ हे बटण दाबलं तर आणखी वीस मिनिटं मिळतात. फोनवर ध्वनिमुद्रण करून घेऊ का, असं तिने विचारलं आणि पुढे आवाज जमल्यावर करूनही पाहिलं. फोनच्या एवढ्याशा तोंडात मोटारीची माशी झाली.

गुरुवारी नवरा कामावर गेल्यावर ती मांडीवर ढब्बू आणि समोर छत्तीस बटणं घेऊन बसली. पहिल्यांदा पट्टी दाबली तर डासाच्या हातात माइक दिल्यासारखा आवाज आला. तिने ऑसिलेटरची लाट बदलली. डास जाऊन दवाखान्यातलं यंत्र आलं. ते ऐकून तिच्याच छातीत धडधडलं, म्हणून पुन्हा डासाला बोलावलं आणि दोन सप्तकं खाली उतरवलं. आता तो गुरगुरू लागला, पण करवतीसारखा. मग फिल्टर. फिल्टरचं बटण डावीकडे फिरवलं तसे वरचे चिरके सूर एकेक करून गळाले, जणू करवत शेजारच्या घरात गेली, मग त्याच्या पलीकडच्या, मग भिंतीच्या आत. ती थांबली. भिंतीच्या आतच तर पाहिजे होती. शेजारचं एक बटण चुकून फिरलं आणि फिल्टर शिट्टी वाजवू लागला. ढब्बू खुदकन हसली आणि समोरच्या काकूंनी दार वाजवून कुकर उतरवायला सांगितलं.

अकराच्या सुमाराला तिने दुसरा ऑसिलेटर चालू केला आणि पहिल्यापेक्षा तो केसभर बेसूर लावला. दोन आवाज एकमेकांवर चढू-उतरू लागले. घूंऽऽ-घूंऽऽ-घूंऽऽ. तिच्या अंगावर काटा आला. ही तीच. पाइपातल्या पाण्यासाठी तिने नुसत्या खरखरीचा एक पदर खाली अंथरला. नवऱ्याने हौसेने घेतलेला गुडघ्याइतका उंच स्पीकर ओढत आणून पाइपांच्या भिंतीला टेकवला. एक वाजून पाच मिनिटांनी ढब्बूला पाळण्यात ठेवलं आणि पट्टी दाबली.

ढब्बू रडली नाही. पाच दिवसांत पहिल्यांदा. दोन्ही मुठी छातीशी धरून छताकडे बघत राहिली. पण झोपलीही नाही. एकोणिसावं मिनिट आलं, आईने ‘पुढे चालू’ दाबलं. पुन्हा एकोणिसावं, पुन्हा दाबलं. दोन वाजले, अडीच वाजले. ढब्बू टक्क जागी, शहाण्यासारखी, कशाची तरी वाट बघितल्यासारखी. आईला वाटलं, सूर जवळजवळ सापडलाय, थोडं काहीतरी कमी आहे.

खाली काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. भिंतीतल्या पोकळीने तो आवाज प्रामाणिकपणे सगळ्या मजल्यांवर पोचवला होता. ज्या नव्या मोटारीचा ‘श्वासाइतकाही आवाज नाही’ असं सेक्रेटरींनी सूचनाफलकावर लिहिलं होतं, ती पाचव्याच दिवशी जुनीसारखी घूं-घूं करतेय, हे ऐकून ते जेवणावरून उठून धावले. त्यांनी मोटारीचं बटण बंद केलं. आवाज चालूच. मोटारीचा मुख्य स्विच पाडला. आवाज चालूच. फ्यूज काढून खिशात घातला, तरी आवाज चालूच. मोटार विजेशिवाय चालतेय, असं त्यांनी बसवणाऱ्या कंत्राटदाराला फोनवर सांगितलं. त्याने म्हणे अभिनंदन केलं. या भानगडीत टाकी काही भरली नाही, आणि अडीच वाजता इमारतीतले सगळे नळ एकदम सुकले. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात येऊन उभे राहिले आणि डोळे मिटूनच कोण जबाबदार ते विचारू लागले.

आवाजाचा माग काढत वर आले ते मोटारकाका. तळमजल्यावर राहायचे. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलेली, त्यामुळे जुनी मोटार सेक्रेटरींची असली तरी तिचं दुखणंखुपणं काकांकडे. ते कोणाशी फारसं बोलत नसत. दार उघडल्यावर तिच्याकडे न बघता थेट आवाजाच्या दिशेने आत गेले, खिशातून पेचकस काढला, त्याचं टोक स्पीकरच्या खोक्याला आणि मूठ आपल्या कानाला लावून डोळे मिटून उभे राहिले. ती पाळण्याशी उभी. आता हे ओरडणार, ढब्बू रडणार, आणि सगळं संपणार.

“मागचं बेअरिंग कधी बदललंस?” काकांनी विचारलं.

तिला कळेना. मग काकांनी सांगितलं की बाकी सगळी ती आहे, पण हिचं मागचं बेअरिंग घासलेलं होतं, फिरता फिरता मध्येच कुरकुरायचं. ही फारच निरोगी वाजतेय. शिवाय सुरू होताना ही एकदम ओरडते. आपली बिचारी आधी कण्हायची, मग चढायची. बोलता बोलता त्यांचा आवाज जरा बदलला. रविवारी भंगाराच्या गाडीत तिला चढवली तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली होती, हे तिला समोरच्या काकूंकडून नंतर कळलं.

तिने त्यांना खुर्ची दिली आणि सगळी हकिगत सांगितली. शुक्रवार, म्हणजे उद्या, हेही सांगितलं. काकांनी खुर्ची लॅपटॉपसमोर ओढली. छत्तीस बटणांना ते छत्तीस व्हॉल्व्ह म्हणू लागले, आणि आश्चर्य म्हणजे त्याने काही अडलं नाही. “हा व्हॉल्व्ह जरा बंद कर. इतका नको, पाणी अडेल. हां.” कुरकुरीसाठी तिने फिल्टरला एक सावकाश हेलकावा लावला, काकांनी तो बोटाने हवेत मोजून दिला. सुरुवातीचं कण्हणं चार सेकंदांवर बसलं. तासाभरात तिच्या डोळ्यांसमोर त्या भिंतीत पुन्हा मोटार बसली.

“आता बंद कशी होते ते लाव.”

ती म्हणाली, काका, बंद कशाला करायची, चालू राहिली म्हणजे झालं. काका नाराज झाले. मोटार सुरू काय कोणीही करतं, म्हणाले. पंपघरात आम्हाला पहिल्या दिवशी बंद करायला शिकवत. आणि मग पंपघराच्या गोष्टी निघाल्या. कधी पाइप फुटला, कोणता साहेब टाकीत चष्मा पाडून गेला, पाळीवर असताना मोटार चालू असेपर्यंत कोणी डोळा मिटायचा नाही आणि ती बंद झाली की सगळे जिथल्या तिथे आडवे कसे व्हायचे. ती हो हो म्हणत होती, अर्धं लक्ष घड्याळाकडे. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिने पट्टी सोडल्यावर आवाज हळूहळू खाली बसत जाईल असं बटण लावलं. काकांनी ते तीनदा ऐकलं आणि मान हलवली.

काका निघाले तेव्हा दारात सेक्रेटरी उभे होते. त्यांच्या काखेत तक्रारवही होती. यावेळी रकाने सगळे भरले होते. आवाज कुठून येतो : तिच्या घरातून. किती वाजता येतो : एक वाजून पाच. कोणाला त्रास होतो : सर्वांना. खाली तिची सही हवी होती. तिने केली. मंगळवारी हाच आवाज मागायला गेले तेव्हा रकाना नव्हता, एवढंच ती म्हणाली, तेही सही करून झाल्यावर. सेक्रेटरींनी खिशातून फ्यूज काढला, पाहिला, परत ठेवला आणि जिना उतरले.

शुक्रवार. लॅपटॉप बंद केला तर काकांची मोटार पुसली जाणार. बटणांचे आकडे तिने वहीत उतरवले होते, पडद्याचे फोटो काढले होते, पण काकांचे हात केसाच्या अंतराने हलले होते आणि केसाला आकडा नसतो. म्हणून ती उघडा लॅपटॉप उकळत्या दुधाच्या पातेल्यासारखा दोन्ही हातांवर धरून गल्लीतून चालली, ढब्बू पोटाशी बांधलेली. नवऱ्याने अर्धा दिवस रजा काढून मागून स्पीकर उचलला होता आणि वाटेत दोनदा ताण घेऊ नकोस म्हणाला होता. ढब्बूला लॅपटॉपची बटणं दाबायची होती. तिचा हात पुढे यायचा, आई छाती मागे घ्यायची, असं करत ती वरात पाळणाघरात पोचली.

ताईंनी स्पीकरकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग घड्याळाकडे. नियमात बसतं का याचा विचार केला. थोपटायला बंदी होती, गाणं म्हणायला बंदी होती, मोटारीबद्दल नियम गप्प होते. ठीक आहे, म्हणाल्या, पण तुम्ही पट्ट्याच्या बाहेर.

“दर वीस मिनिटांनी मला एक बटण दाबायला आत यावं लागेल.”

“नाही.”

“मग तुम्ही दाबाल?”

“मी मुलं सांभाळते, मशिनं नाही.”

नवरा कामावर परत गेला. एक वाजून आठ मिनिटांनी तिने पट्टी दाबली, पट्ट्याबाहेर आली आणि चपलांच्या बाकावर बसली. दाराला हाताच्या पंजाएवढी काच होती. आतून मोटार कण्हली, चढली आणि चालू लागली. अकरा मुलं पाच मिनिटांत झोपली. बारावी छताकडे बघत होती, मुठी छातीशी.

पंधरा मिनिटं. ढब्बू जागी. अठरा. ढब्बू जागी. एकोणीस मिनिटं झाली तेव्हा ती उठून काचेशी गेली आणि बोटाने लॅपटॉप दाखवू लागली, बटण दाबल्याची खूण करू लागली, शेवटी तर हात जोडले. ताईंनी मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. तिने पायाखाली पाहिलं. पिवळा पट्टा तिच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर होता. एक पाऊल टाकलं की बटण, आणि एक पाऊल टाकलं की चाचणी रद्द. तिने संख्याशास्त्राच्या आधारे दोन्ही शक्यता मोजायचा प्रयत्न केला आणि पहिल्या वर्गाची पदवी त्या दोन बोटांच्या अंतरात पार बुडाली. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी प्रोग्रामने पट्टी सोडून दिली. आवाज कुरकुरला, ढिला पडला, काकांनी तीनदा ऐकून बसवला होता तसा एकेक पायरी खाली उतरला आणि थांबला.

आता रडेल. तिने मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. दहा. आता अकराही उठतील. वीस. सोमवारी कागद एकच, राजीनाम्याचा. तीस. दार उघडल्याचा आवाज आला. ताई वही घेऊन बाहेर आल्या होत्या.

“झोपली,” त्या कुजबुजल्या.

“कधी?”

“आवाज थांबला तशी. शेवटचा सूर खाली गेला आणि हिने मुठी सोडल्या. बघत होते ना मी.” मग वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या की बंद होण्याची वेळ बरोबर लावलीत, लोक नुसतं चालू ठेवत बसतात.

तिला झोपवही आठवली. आठ महिन्यांचा तो सरळ, सुबक रकाना. एक पाचला मोटार, एक पाचला झोप, आणि मोटार बंद होईपर्यंतच्या मधल्या वीस मिनिटांत वहीची लेखिका आंघोळीला. मग गुरुवार आठवला, दर एकोणिसाव्या मिनिटाला तिने तत्परतेने दाबलेलं बटण, आणि ते ढब्बूचे ताटकळलेले डोळे. बिचारी दीड तास पाळीवर होती.

“हो,” ती ताईंना म्हणाली, “मुद्दामच तशी लावली.”

ताईंनी सोमवारी साडेआठला आणा, दोन जोड कपडे ठेवा, असं काहीबाही सांगितलं. ती बाकावर बसून ऐकत होती. आत सगळं शांत होतं. भिंतीत काही वाजत नव्हतं, मनात काही मोजायचं उरलं नव्हतं. चपलांच्या कप्प्याला डोकं टेकवून जरा क्षणभर बसावं असं तिला वाटलं.

तिला जाग आली तेव्हा तीन वाजले होते. ढब्बू तिच्या पायाशी बसून कोणाचीतरी चप्पल चाखत होती. अंगावर मुलांची एक छोटी चादर होती, गुडघ्यापर्यंतसुद्धा न पोचणारी. शेजारी वही उघडी पडली होती. दोन आडव्या रेघांखाली ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘ढब्बू – झोपली, १.२८.’ आणि त्याखाली, तशाच अक्षरात : ‘आई – झोपली, १.३४.’